चित्रसंग्रह पाहावा कसा : एकट्यानें कीं वाटाड्यासह?

पॅरिस शहरांतील लूव्र या वस्तुसंग्रहालयाच्या दारांत सकाळीं उभ्या राहिलेल्या प्रवाशापुढें पहिला प्रश्न कलेचा नसतो, काळाचा असतो. सेन नदीच्या कांठचा हा जुना राजवाडा फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत, १७९३ च्या ऑगस्टांत, सार्वजनिक संग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला. आज त्याच्या तीन विस्तीर्ण भागांत सुमारें ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. एकेका वस्तूस केवळ अर्धें मिनिट द्यावयाचें ठरविलें आणि दररोज आठ तास अखंड पाहावयाचें म्हटलें, तरी हा संग्रह संपावयास छत्तीस दिवस पुरणार नाहींत. दूरदेशींहून आलेल्या कुटुंबाच्या हातीं बहुधा एकच दिवस असतो, आणि तसा दिवस आयुष्यांत पुन्हां येईल याची शाश्वती नसते. तेव्हां हा दिवस वाटाड्याच्या हवालीं करावा, कीं स्वतःच्या डोळ्यांच्या भरंवशावर घालवावा, हा प्रश्न केवळ चार पैशांच्या खर्चाचा नाहीं.

वाटाड्याविरुद्ध बोलणें सोपें आहे. क्षेत्राच्या ठिकाणीं उपाध्याय यात्रेकरूंस एका देवळांतून दुसऱ्या देवळांत घाईनें फिरवितात, आणि संध्याकाळीं बिऱ्हाडीं परतलेल्या यात्रेकरूला पायऱ्या आठवतात, मूर्ति आठवत नाहीं. लूव्रमध्येंही असा प्रकार नित्य घडतो. लिओनार्दो द व्हिंची याच्या ‘मोना लिसा’पुढें जमणारी गर्दी हें त्याचें ठळक उदाहरण होय. हें चित्र पुरतें एक मीटरही उंच नाहीं. उंची ७७ सेंटिमीटर आणि रुंदी ५३ सेंटिमीटर. तें कांचेआड आहे, आणि त्याच्यापर्यंत पोंचलेल्या प्रेक्षकाला मागच्यांसाठीं लगेच बाजूस व्हावें लागतें. तेवढ्या अवधींत वाटाड्या १९११ सालची कथा सांगतो : व्हिन्चेन्झो पेरूज्या नांवाच्या इटालियन कारागिरानें चित्र कसें पळविलें, आणि दोन वर्षांनंतर तें फ्लॉरेन्समध्यें कसें हातीं लागलें. कथा रंजक आहे आणि खरीही आहे. परंतु तिच्यांत चित्र नाहीं. कान तृप्त झाले म्हणजे डोळ्यांनींही आपलें काम केलें, असा भ्रम उत्पन्न होतो, आणि चेहऱ्यावरील छायाप्रकाशाच्या सीमा कशा विरघळून गेल्या आहेत हें न पाहतांच मंडळी पुढें सरकते.

म्हणून एकट्यानेंच पाहणें श्रेयस्कर असें म्हणावें, तर त्या पक्षालाही एक मोठा शत्रु आहे, आणि तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या पायांत राहतो. बोस्टन येथील ललितकला-संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनीं १९१६ सालीं संग्रहालयांतील थकव्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. मांडलेली वस्तु नीट दिसण्यासाठीं माणसाला किती वांकावें लागतें, किती मान वळवावी लागते, याचीं छायाचित्रेंच त्यांनीं त्यांत दिलीं होतीं. थकलेला डोळा उघडा असतो, पण पाहत नाहीं. वाट माहीत नसलेला मनुष्य लूव्रच्या दालनांतून हिंडतांना आपली पहिल्या तासाची शक्ति भलत्याच वस्तूंवर खर्च करतो. आणि जिच्यासाठीं तो आला त्या वस्तूपुढें पोंचतो तेव्हां त्याला बसावयास जागा हवी असते. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, थकव्याचें निदान करणाऱ्या याच गिलमन यांच्या संग्रहालयानें १९०७ सालीं प्रेक्षकांबरोबर फिरून समजावून देणारे जाणकार पुरविण्याचा उपक्रम सुरू केला होता.

दोन्ही पक्षांचे दोष असे सारखे दिसले, म्हणजे निवाड्यासाठीं प्रेक्षकाकडून वस्तूकडे वळावें लागतें. संग्रहालयांतील पुष्कळ वस्तू संग्रहालयासाठीं घडविलेल्या नव्हत्या. तेथें येतांना त्यांनीं कांहीं तरी मागें टाकलेलें आहे. काय मागें राहिलें, हें डोळ्याला दिसत नाहीं. तें कोणीतरी सांगावें लागतें.

‘मोना लिसा’च्याच दालनांत, समोरच्या भिंतीवर, पाओलो व्हेरोनेझे याचें ‘काना गांवचें लग्न’ हें प्रचंड चित्र आहे : उंची जवळजवळ सात मीटर, रुंदी जवळजवळ दहा. १५६३ सालीं पूर्ण झालेलें हें चित्र व्हेनिसच्या सान जॉर्जो माज्जोरे मठांतील भोजनगृहासाठीं काढलें होतें. चित्रांतील पंगतीसमोर मठवासी साधूंची खरी पंगत बसत असे. १७९७ सालीं नेपोलियनच्या सैन्यानें तें उतरवून फ्रान्सला नेलें. २००७ सालीं त्या भोजनगृहांत त्याची हुबेहूब प्रतिकृति बसविण्यांत आली. म्हणजे आज जागा आहे तेथें मूळ चित्र नाहीं, आणि मूळ चित्र आहे तेथें त्याची जागा नाहीं. एवढी हकीकत ऐकल्यावर त्यांतील स्तंभ आणि मोकळें आकाश यांना निराळाच अर्थ येतो : भिंत जणूं उघडून केलेला तो भोजनगृहाचाच विस्तार होता, हें कळतें.

हम्मुराबीच्या शिलास्तंभाचीही तीच गोष्ट. सव्वादोन मीटर उंचीचा हा काळा पाषाण बाबिलोनच्या राजानें इसवी सनापूर्वीं अठराव्या शतकांत उभारविला. पुढें विजेत्यांनीं तो लूट म्हणून इराणांतील सूसा येथें नेला आणि तेथें १९०१-०२ सालीं तो फ्रेंच संशोधकांस सांपडला. माथ्यावरील बसलेला देव आणि त्याच्यासमोर उभा असलेला राजा कोणालाही दिसतो. परंतु कच्चें बांधलेलें घर कोसळून घरधनी मेला तर बांधणाऱ्यास देहान्त शासन द्यावें, असे कायदे खालच्या बारीक अक्षरांत कोरलेले आहेत, हें सांगणारा कोणी नसेल तर तो केवळ दगड राहतो.

याउलट, सांगण्यानेंच ज्यांची हानि होते अशाही कलाकृति आहेत. थेओदोर जेरिको यानें १८१९ सालीं प्रदर्शनांत मांडलेलें ‘मेड्यूसाचा तराफा’ हें चित्र त्यांपैकीं होय. १८१६ सालीं मेड्यूसा हें फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रुतलें; तराफ्यावर चढविलेल्या सुमारें दीडशें लोकांपैकीं तेरा दिवसांनंतर अवघे पंधरा जिवंत सांपडले. एकटा प्रेक्षक प्रथम खालच्या डाव्या बाजूच्या प्रेतांपाशीं थबकतो. मग देहांच्या उतरंडीवरून त्याची दृष्टि उजवीकडे वर चढते, वस्त्र हालविणाऱ्या कृष्णवर्णी पुरुषापाशीं पोंचते, आणि तो कोणाला खुणावीत आहे हें शोधतां शोधतां क्षितिजावर एक सूक्ष्म ठिपका सांपडतो. तें जहाज असतें. हा शोध लागावयास कांहीं मिनिटें जातात, आणि तीं मिनिटें प्रेक्षकानें तराफ्यावर काढलेलीं असतात. घाईंतला वाटाड्या तें जहाज पहिल्याच वाक्यांत दाखवून मोकळा होतो. ठिपका दिसतो, पण त्याची वाट पाहणें घडत नाहीं.

वाटाड्या आणि एकांत यांचा मेळ घालण्यासाठीं यंत्राचीही योजना झाली, आणि तिचा उगम नभोवाणीच्याच तंत्रांत आहे. १९५२ सालीं आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयांत लघुलहरींवरून माहिती प्रक्षेपित करून ती प्रेक्षकांस श्रवणयंत्रांतून ऐकविण्यांत आली. सर्वांना एकाच क्षणीं एकच वाक्य ऐकूं येत असल्यानें सारे प्रेक्षक बरोबरच पुढें सरकत. आजच्या यंत्रांतील आवाज हवा तेव्हां थांबवितां येतो, ही मोठीच सोय होय. मात्र तो थांबविण्याची बुद्धि प्रेक्षकालाच व्हावी लागते.

तेव्हां हातांतल्या एका दिवसाची वांटणी कशी करावी? मंगळवारीं लूव्र बंद असतें, ही गोष्ट आधीं ध्यानांत ठेवावी. आदल्या रात्रीं नकाशा पाहून सहासात वस्तू निवडाव्या व बाकीच्या हजारोंचा मोह मनापासून सोडावा. सकाळचा ताजा डोळा स्वतःसाठीं राखावा. प्रत्येक वस्तूपुढें निदान दहा मिनिटें मुकाट्यानें घालवावीं आणि बाजूची पाटी शेवटीं वाचावी. मग विसांवा घेऊन दुपारीं वाटाड्या घ्यावा. सकाळीं पाहिलेल्या वस्तू त्याच्या फेरींत आहेत कीं नाहींत, हें अगोदर विचारावें. आतां प्रेक्षकापाशीं स्वतःचे प्रश्न असतात, आणि प्रश्न विचारणाऱ्या माणसाला वाटाड्याही पाठ केलेलें सोडून मनापासून उत्तर देतो. बरोबर मुलें असतील तर हा क्रम अधिकच आवश्यक आहे. त्यांना ‘काय दिसतें?’ असें प्रथम विचारावें, ‘कोणी काढलें?’ हें मागाहून सांगावें. फेरी संपल्यावर शेवटचा अर्धा तास त्यांतील एकाच आवडत्या वस्तूपुढें पुन्हां एकट्यानें जावें.

गांवीं परतल्यावर शेजारीपाजारी किती पाहिलें असें विचारतात, आणि संख्या सांगणें कठीण नसतें. परंतु दहा वर्षांनंतर, डोळे मिटले असतां, जें चित्र पुन्हां पुढें उभें राहतें, तेवढेंच त्या दिवशीं खरोखर पाहिलेलें असतें.