चित्रमय व्यवस्थापन साधनाद्वारे राउटरची सुरक्षा : मायक्रोटिक ‘विनबॉक्स’च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
महाविद्यालय, कार्यालय किंवा लहान इंटरनेट पुरवठादार यांच्या अंतर्गत नेटवर्कचा बाह्य इंटरनेटशी येणारा संबंध राउटरमार्फत येतो. राउटर दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यास त्यामागील प्रत्येक संगणक धोक्यात येतो. पूर्वी राउटरची मांडणी आज्ञा टंकित करूनच करावी लागे. चित्रमय साधनांमुळे हे काम खिडक्या व बटणे यांच्या साहाय्याने करता येऊ लागले. लॅटव्हियातील मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस प्रणालीसाठी असलेले ‘विनबॉक्स’ हे असेच एक साधन होय. परंतु ज्या दारातून व्यवस्थापक आत येतो, त्याच दारातून हल्लेखोरही येऊ शकतो. म्हणून या साधनाने राउटर सुरक्षित करताना प्रथम साधनाचीच वाट सुरक्षित करावी लागते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

२०१८ ची घटना व तिचा बोध :
राउटरओएसच्या ६.४२ पर्यंतच्या आवृत्त्यांत विनबॉक्स सेवेमध्ये एक गंभीर त्रुटी होती. पासवर्ड माहीत नसतानाही ८२९१ या पोर्टमार्फत राउटरमधील वापरकर्त्यांच्या नोंदींची फाइल वाचता येत असे व तीवरून पासवर्ड मिळवता येत असे. कंपनीने २३ एप्रिल २०१८ रोजी सुधारित आवृत्ती दिली. तथापि अनेकांनी ती वेळेवर बसविली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ब्राझीलमधील हजारो राउटर हल्लेखोरांच्या हाती गेल्याचे व त्यांमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये आभासी चलन निर्माण करणारी आज्ञावली घुसविली जात असल्याचे उघडकीस आले.

सप्टेंबर २०२१ मध्ये रशियातील यांडेक्स कंपनीवर ‘मेरिस’ बॉटनेटने सेकंदाला सुमारे २.१८ कोटी विनंत्यांचा मारा केला. त्यात मायक्रोटिक राउटर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले होते. ही उपकरणे २०१८ मध्येच बाधित झालेली होती, असे कंपनीने स्पष्ट केले. प्रणाली अद्ययावत केल्याने त्रुटी बुजते. मात्र चोरीस गेलेला पासवर्ड त्यामुळे निरुपयोगी होत नाही, हा यातील महत्त्वाचा बोध होय.

सुरक्षा वाढविण्याचे टप्पे :

१) सेफ मोड : बदल करण्यापूर्वी विनबॉक्समधील ‘सेफ मोड’ हे बटण दाबावे. चुकीच्या नियमामुळे संपर्क तुटल्यास त्या सत्रातील बदल आपोआप मागे घेतले जातात.

२) अद्ययावतीकरण व पासवर्ड : ‘सिस्टिम’मधील ‘पॅकेजेस’ येथून नवी आवृत्ती बसवावी. जुन्या उपकरणांवर ‘अ‍ॅडमिन’ हे नाव व कोरा पासवर्ड असे. पूर्ण अधिकार असलेला वेगळ्या नावाचा वापरकर्ता तयार करून ‘अ‍ॅडमिन’ काढून टाकावा. पासवर्ड अद्ययावतीकरणानंतरच बदलावा. आधी बदलल्यास नवा पासवर्डही त्रुटीतून वाचला जाण्याचा धोका राहतो.

३) अनावश्यक सेवा बंद करणे : ‘आयपी’मधील ‘सर्व्हिसेस’ या खिडकीत टेलनेट, एफटीपी, वेब, एपीआय इत्यादी सेवांची यादी दिसते. न लागणाऱ्या सेवा बंद कराव्यात. विनबॉक्स सेवेपुढे व्यवस्थापकाच्या संगणकाचा अथवा अंतर्गत नेटवर्कचा पत्ता नोंदवावा. बाहेरून व्यवस्थापन आवश्यक असल्यास ८२९१ पोर्ट खुले न ठेवता व्हीपीएन वापरावे.

४) मॅक पत्त्याची वाट : विनबॉक्स आयपी पत्त्याशिवाय, केवळ मॅक पत्त्यावरूनही राउटरशी जोडला जातो. या जोडणीला आयपी फायरवॉलचे नियम लागू होत नाहीत. त्यामुळे ‘टूल्स’मधील ‘मॅक सर्व्हर’ येथे ही सोय फक्त विश्वासू इंटरफेसपुरती मर्यादित करावी.

५) फायरवॉल : राउटरकडेच येणारी माहिती ‘इनपुट’ साखळीत तपासली जाते. नियम वरून खाली वाचले जात असल्याने त्यांचा क्रम निर्णायक ठरतो. प्रस्थापित व संबंधित जोडण्यांना परवानगी, अवैध जोडण्यांना नकार, अंतर्गत नेटवर्कला परवानगी व शेवटी उर्वरित सर्वांना नकार, असा क्रम ठेवावा. आयपीव्ही६ ची फायरवॉल स्वतंत्र असल्याने तेथेही नियम करावे लागतात.

६) नोंदी : राउटरच्या स्मृतीतील नोंदी तो पुन्हा सुरू होताच नष्ट होतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांना नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. यासाठी त्या स्वतंत्र सर्व्हरवर पाठवाव्यात.

बाधित राउटरची तपासणी :
‘सिस्टिम’मधील ‘स्क्रिप्ट्स’ व ‘शेड्युलर’, तसेच ‘आयपी’मधील ‘सॉक्स’ आणि ‘वेब प्रॉक्सी’ येथे अनोळखी नोंद आढळल्यास राउटर बाधित असल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी ‘नेटइन्स्टॉल’द्वारे प्रणाली नव्याने बसविणे श्रेयस्कर ठरते. जुना बॅकअप जसाच्या तसा परत घातल्यास घातक स्क्रिप्टही परत येऊ शकते. म्हणून मांडणी तपासून नव्याने करावी.

निष्कर्ष :
चित्रमय साधनामुळे राउटरचे व्यवस्थापन सुलभ झाले असले, तरी सुलभता म्हणजे सुरक्षितता नव्हे. कोणती सेवा चालू आहे, तिच्यापर्यंत कोण पोहोचू शकतो आणि एकदा फुटलेला पासवर्ड बदलला आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे व्यवस्थापकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. वरील बहुतेक टप्प्यांना अतिरिक्त खर्च लागत नाही. लागते ती नियमित तपासणीची शिस्त. स्वतंत्र तंत्रज्ञ नसलेल्या लहान संस्थांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.