बिघाड बॉक्समध्ये की वाटेत?

विद्यार्थी मित्रांनो, एक कोडे घ्या. समजा, खामगावातील एका घरात दूरचित्रवाणी संचाला जोडलेला सेट-टॉप बॉक्स हिवाळाभर उत्तम चालला. गच्चीवरच्या डिशमुळे वाहिन्या दिसत होत्या आणि घरातल्या वाय-फायवरून इंटरनेटवरचे पाठही पाहता येत होते. एप्रिल उजाडला आणि पाठ मध्येच थबकू लागले. पडद्यावर चक्र फिरत राही आणि मग ‘नेटवर्क नाही’ अशी सूचना येई. बॉक्स बिघडला असे घरात ठरले, नवा आणला, पैसे गेले. आणि नव्या बॉक्सवरही तेच चक्र फिरू लागले! मग दोष होता तरी कोठे?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. या बॉक्सकडे दोन वेगळ्या वाटांनी माहिती येते. वाहिन्या येतात सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून, डिशमार्गे. इंटरनेट येते काचतंतूतून घरातल्या राऊटरपर्यंत आणि तेथून हवेतून बॉक्सपर्यंत. वाहिन्या दिसत आहेत पण इंटरनेट नाही, असे असेल तर डिश हलवण्यात काहीच अर्थ नाही.

इंटरनेटच्या वाटेचेही तुकडे पडतात. आपल्या गावाचेच उदाहरण घ्या ना. खामगाव मुंबई-नागपूर रेल्वेच्या मुख्य मार्गावर नाही. जलंबहून निघणारा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा १८७० साली कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला आणि त्याने गाव मुख्य मार्गाला जोडले. समजा, मुख्य मार्गावर गाड्या धावत आहेत, पण खामगावला प्रवासी पोहोचत नाहीत. तर शोध फाट्यावर घ्यावा लागेल. राऊटर हे आपले जलंब आणि वाय-फाय हा आपला फाटा.

दोष जलंबच्या पलीकडे की अलीकडे, हे कसे ओळखावे? एक मोबाइल घ्या आणि तो घरच्या वाय-फायला जोडा. त्यातील मोबाइल डेटा मात्र आठवणीने बंद करा. नाहीतर तो गुपचूप टॉवरकडून इंटरनेट घेईल आणि आपला प्रयोग फसेल. आता राऊटरजवळ उभे राहून एखादा पाठ लावा. तेथेही चालला नाही, तर दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. काचतंतूच्या पेटीवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच तुटला आहे असे समजावे. तंतू कोठे तीव्र कोनात मुडपला असेल, तर त्यातील पूर्ण आंतरिक परावर्तन बिघडून प्रकाश बाहेर गळतो. तंतूच्या टोकात डोळा लावून मात्र कधीही पाहू नका. तो प्रकाश अवरक्त असतो. दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

राऊटरजवळ पाठ चालला, पण मोबाइल बॉक्सशेजारी नेताच अडखळला, तर दोष हवेतल्या वाटेत आहे. आता भौतिकशास्त्र कामी येते. वाय-फायच्या एका पट्ट्यातील लहरींची कंप्रता सेकंदाला सुमारे २४० कोटी असते. प्रकाशाच्या वेगाला तिने भागा. तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर येते. दुसऱ्या पट्ट्याची कंप्रता ५०० कोटींच्या घरात, म्हणजे तरंगलांबी सुमारे ६ सेंटिमीटर. हा दुसरा पट्टा वेगवान खरा, पण भिंतीतून जाताना तो अधिक क्षीण होतो. धातूचा पत्रा दोन्ही लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते.

पत्रा आणि पाणी! एप्रिलमध्ये विदर्भातल्या घरात अशी कोणती वस्तू येते? कूलर! पत्र्याची पेटी, तळाशी पाण्याची टाकी आणि बाजूंना ओले वाळ्याचे ताटे. तो नेमका राऊटर आणि बॉक्स यांच्यामध्ये उभा राहिला, तर लहरींची वाट अडते.

येथे घाई करू नका. घरातील कोणी म्हणेल, “कूलर बंद करून पाहिला, फरक पडला नाही. म्हणजे कूलरचा दोष नाही.” हा तर्क बरोबर आहे का? नाही. पंखा थांबला तरी पत्रा आणि पाणी जागच्या जागीच असतात. कूलर बंद करून तो हातभर बाजूला सरकवावा, तेव्हाच खरी परीक्षा होते. आणखीही एक संशयित आहे, उन्हाळ्याची उष्णता. बंद कपाटात ठेवलेला बॉक्स तापून अडखळू शकतो. म्हणून आधी फक्त कूलर सरकवा आणि नोंद करा. तो पुन्हा जागेवर आणा, मग फक्त कपाट उघडे ठेवा आणि नोंद करा. दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर दोष कदाचित जाईल, पण कारण कळणार नाही. राऊटरपासून बॉक्सपर्यंत तात्पुरती नेटवर्कची तार ओढूनही निकाल लावता येतो. तारेवर सर्व सुरळीत चालले, तर दोष वाय-फायच्या जोडणीत आहे असे ठरते.

आणि मोबाइल बॉक्सशेजारीही नीट चालला, पण बॉक्स तेवढा जोडला जात नसेल तर? बॉक्सच्या नेटवर्कच्या पानावर चार आकडी गटांचा एक पत्ता दिसतो. घरोघरी तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि तो राऊटरने दिलेला असतो. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राऊटरकडून उत्तर न आल्याने बॉक्सने स्वतःच तो घेतला आहे. वीज जाऊन परत आल्यावर असे घडू शकते. सर्व उपकरणे एकदम सुरू होतात. राऊटर पुरता जागा होण्याआधीच बॉक्स पत्ता मागून थकतो. अशा वेळी आधी काचतंतूची पेटी, मग राऊटर आणि दोन-तीन मिनिटांनी बॉक्स, या क्रमाने सुरू करावे. बॉक्सवरील तारीख व वेळही पाहावी. ती चुकीची असेल, तर सुरक्षित संकेतस्थळांची ओळख पटवताना बॉक्सच जोडणी नाकारतो.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करवून घ्यावा. शाळेतल्या दूरचित्रवाणी संचावरचा पाठ अडला की चाळीस मुलांचा तास वाया जातो. मुलांनी राऊटरपासून २, ४ आणि ८ मीटरवर, प्रथम मोकळ्या जागेत आणि मग मध्ये पत्र्याचे कपाट असताना, मोबाइलवर वाय-फायचा वेग मोजावा. प्रत्येक मोजमाप तीनदा घ्यावे, सरासरी काढावी आणि आलेख काढावा. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता एक चतुर्थांश होते. वर्गात भिंतींवरून लहरी परततात, शिवाय वेग हा तीव्रतेच्या सरळ प्रमाणात नसतो. म्हणून तुमचा आलेख या नियमापासून कोठे व किती ढळतो ते पाहा आणि त्याची कारणे वर्गात चर्चा करून लिहून काढा.