दिव्याच्या प्रकाशात शेवंतीच्या छाट कलमांची रोपे

दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या गुलटेकडी बाजारात शेवंतीला मोठी मागणी असते. ती लक्षात घेऊन पुणे जिल्ह्यातील अनेक शेतकरी झेंडूबरोबर शेवंतीकडे वळले आहेत. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, मंचरपासून जवळच असलेल्या अवसरी बुद्रुकसारख्या गावी, ऊस, कांदा व बटाटा ही पिके घेणाऱ्या शेतकऱ्यास दहा-वीस गुंठ्यांत हे पीक सहज सामावून घेता येते. तथापि लागवडीची वेळ आली की रोपे कोठून आणावयाची हा प्रश्न उभा राहतो. बाहेरून आणलेली रोपे महाग पडतात आणि ज्या झाडापासून ती काढली ते झाड निरोगी होते किंवा नाही, हे घेणाऱ्यास कळत नाही. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या पुरती रोपे स्वतःच तयार करणे हा यावर उत्तम उपाय होय. त्यासाठी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात: निरोगी मातृझाडाची निवड आणि रात्रीच्या दिव्याचा उपयोग.

काश्या आणि छाट कलम

शेवंतीची अभिवृद्धी आपल्याकडे परंपरेने काश्यांपासून करतात. फुलांचा हंगाम संपल्यावर झाडाच्या बुडाशी ज्या फुटी येतात त्यांस काश्या म्हणतात. ही रीत सोपी आहे, परंतु काश्या लहानमोठ्या असतात, एका झाडापासून थोड्याच मिळतात आणि त्यांच्या मुळांबरोबर जमिनीतील मर रोगाची बुरशीही नव्या शेतात जाते. याउलट झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा तुकडा मुळावर आणला, म्हणजेच छाट कलम केले, तर सारख्या वाढीची पुष्कळ रोपे मिळतात व जुन्या जमिनीशी त्यांचा संबंध येत नाही.

काशी असो वा छाट कलम, त्यापासून होणारे रोप हे मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. बियांपासून झालेल्या रोपांत आईबापांचे गुण मिसळतात. कलमात तसे होत नाही. मातृझाडाच्या फुलाचा रंग, आकार व फुलण्याचा काळ सर्व रोपांत जसाच्या तसा उतरतो. त्याचप्रमाणे त्याच्या रसात भिनलेला रोगही उतरतो. एका रोगट झाडापासून पन्नास कलमे काढली तर आपण पन्नास रोगट झाडे विकत घेतल्यासारखेच होते. म्हणून रोपवाटिकेचे खरे काम कलम करण्यापूर्वी, मातृझाड निवडतानाच सुरू होते.

मातृझाडाची निवड

पीक फुलावर असतानाच शेतात फिरून उत्तम झाडांस दोऱ्याची खूण बांधावी. फुले जातीस अनुसरून, सारख्या आकाराची व भरपूर असावीत. पानांवर काळे-तपकिरी ठिपके, पानांच्या खालच्या बाजूस पांढरट फोड (हा पांढरा तांबेरा होय), एकीकडून वाळणाऱ्या फांद्या अथवा आजूबाजूच्या झाडांहून ठेंगणेपणा आढळल्यास ते झाड घेऊ नये. ठेंगणेपणाकडे विशेष लक्ष द्यावे. शेवंतीत विरॉइड नावाच्या अतिसूक्ष्म रोगकारकामुळे झाड खुजे राहते व फुले लहान येतात. त्यावर कोणतेही औषध नाही. त्याची लक्षणे कित्येक महिन्यांनी दिसतात आणि कलम करणाऱ्याच्या हाताने व चाकूने तो झाडाझाडांत पसरतो. असे झाड उपटून जाळून टाकणेच इष्ट.

फुले संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, निवडलेल्या झाडांच्या काश्या काढून स्वच्छ, निचऱ्याच्या गादीवाफ्यावर २० × २० सेंटिमीटर अंतराने लावाव्यात. वाफ्यावर शेडनेट अथवा प्लॅस्टिकचे छप्पर असावे. एक मीटर रुंद व दहा मीटर लांब अशा एका वाफ्यात सुमारे २५० मातृझाडे बसतात.

रात्री दिवा कशासाठी?

ही मातृझाडे लावून नुसते पाणी व खत दिले तर बहुधा असे आढळते की, शेंडे वाढण्याऐवजी त्यांत लवकरच कळी धरते. कळी धरलेला शेंडा कलमास निरुपयोगी असतो. त्यास मुळे उशिरा फुटतात आणि रोप हातभर होण्यापूर्वीच फुलावर येते. याचे कारण दिवस-रात्रीच्या लांबीत आहे.

गार्नर व अॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले की, अनेक वनस्पतींचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. त्यांच्यापुढे तंबाखूची अशी एक जात होती की जी उन्हाळ्यात उंचच उंच वाढे, पण फुलत नसे. दिवस लहान केला की ती फुले. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांनी शंकेश्वर या तणावर (काही भागांत यास गोखरू म्हणतात) प्रयोग करून सिद्ध केले की, वनस्पती वस्तुतः दिवस मोजीत नसून सलग अंधाराची लांबी मोजते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ प्रकाश दिला की तिची मोजणी मोडते आणि फुलणे थांबते.

शेवंती याच गटातील होय. साधारणपणे दिवस साडेतेरा-चौदा तासांहून मोठा असेल तोवर तिच्या अनेक जाती पानांची व फांद्यांची वाढ करतात; दिवस त्याहून लहान झाला की कळी धरतात. अवसरी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. म्हणजे शेवंतीच्या दृष्टीने आपल्याकडे ‘मोठा दिवस’ वर्षात जवळजवळ येतच नाही. युरोपात उन्हाळ्याचा दिवस सोळा तासांचा असल्याने तेथील बागवानास फुले आणण्यासाठी झाडांवर काळे कापड ओढावे लागते. आपली अडचण नेमकी उलट आहे. आपणास फुलणे थोपवावयाचे आहे, आणि ते रात्रीच्या दिव्याने साधते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा दिवा झाडास अन्न तयार करण्यासाठी नसतो. ते काम दिवसाचे ऊन करतेच. दिवा हा केवळ इशारा असतो, म्हणून तो मंद असला तरी चालतो व रात्रभर ठेवण्याची मुळीच आवश्यकता नाही.

दिव्याची मांडणी व खर्च

जानेवारीत सूर्य सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास मावळतो व सकाळी सातच्या सुमारास उगवतो. ही लांब रात्र मधोमध तोडावयाची असल्याने रात्री १०.३० ते २.३० असे चार तास दिवे लावावेत. संध्याकाळी सहा ते दहा दिवे लावले तर त्यानंतरचा अंधार सलग नऊ तासांचा राहतो, म्हणून रात्र मधोमध तोडणे अधिक खात्रीचे.

झाडांच्या शेंड्यांवर सुमारे १०० लक्स प्रकाश पुरतो. त्यासाठी ९ वॅटचे, पिवळसर प्रकाशाचे एलईडी दिवे शेंड्यांपासून १.२ मीटर उंचीवर व एकमेकांपासून दीड मीटर अंतरावर टांगावेत. पिवळसर दिवा घेण्याचे कारण असे की, अंधाराची मोजणी मोडण्याचे काम तांबड्या किरणांनी उत्तम होते व ते या दिव्यात अधिक असतात. दहा मीटरच्या वाफ्यास सात दिवे लागतात. सात दिव्यांचे मिळून ६३ वॅट होतात. चार तासांत पाव युनिट व महिन्यात साडेसात युनिटांच्या आसपास वीज खर्च होते. पूर्वीचे ६० वॅटचे पिवळे दिवे लावल्यास हाच खर्च जवळजवळ सातपट होतो.

शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज पाळीने येत असल्याने तिच्यावर भिस्त ठेवू नये. एखादी रात्र चुकल्याने बिघडत नाही, परंतु सलग तीन-चार रात्री अंधार राहिल्यास शेंड्यात कळी धरण्यास प्रारंभ होऊ शकतो. १२ व्होल्टचे दिवे व ४० अँपिअर-तासाची बॅटरी ठेवल्यास एका रात्रीची गरज भागते. वीजजोड कोणत्या प्रकारचा घ्यावा हे महावितरणच्या कार्यालयात विचारूनच ठरवावे.

दिवे लावण्या-विझविण्यासाठी स्वयंचलित घड्याळी बटण अवश्य बसवावे. जुन्नर-आंबेगाव परिसरात उसाच्या आश्रयाने बिबट्यांचा वावर असतो, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. अडीच वाजता दिवा विझविण्यासाठी घरातील कोणासही वाफ्याकडे पाठवू नये. तसेच ओल्या जागेत वीज खेळवावयाची असल्याने तारा उघड्या ठेवू नयेत, जोड पाण्यापासून दूर ठेवावेत आणि गळती होताच प्रवाह तोडणारे बटण बसवावे.

कलमे काढणे व मुळावर आणणे

मातृझाडे लावल्यापासून तीन-चार आठवड्यांनी त्यांचा शेंडा खुडावा. खालून तीन-चार फुटी येतात. त्या पुरेशा वाढल्या की त्यांचे ५ ते ७ सेंटिमीटर लांबीचे कोवळे शेंडे सकाळच्या थंड वेळी काढावेत. झाडावर प्रत्येक फांदीस दोन-तीन पाने ठेवावीत, म्हणजे पुन्हा फूट येते. शेंडा वाकविताच टचकन मोडला तर तो योग्य. चिवटपणे लोंबला तर निबर झाला असे समजावे. चाकू वापरावयाचा असल्यास एका ओळीनंतर तो ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवून घ्यावा आणि हातही साबणाने धुवावेत.

कलमाची खालची पाने काढून, वर तीन-चार पाने ठेवावीत. बुडाचा एक सेंटिमीटर भाग मुळे फुटण्यासाठी मिळणाऱ्या आयबीए या संजीवकाच्या भुकटीत टेकवून जादा भुकटी झटकावी. भुकटी मूळ डबीत न वापरता लागेल तेवढी बशीत घ्यावी व उरलेली टाकून द्यावी. अन्यथा एका कलमाचा रोग सर्व डबीस लागतो. नंतर प्रोट्रेमधील ओलसर कोकोपीटमध्ये, अथवा धुतलेल्या जाड वाळूत, कलमे दोन सेंटिमीटर खोल लावावीत.

कलमास मुळे नसताना पानांतून पाणी उडून जाते, म्हणून पहिले आठ-दहा दिवस हवेत ओलावा राखणे महत्त्वाचे असते. ट्रेवर बांबूच्या कमानी करून पारदर्शक प्लॅस्टिक पांघरावे, सावलीत ठेवावे व दिवसातून पाच-सहा वेळा बारीक फवारा द्यावा. पाणी साचू देऊ नये. पाणथळ कोकोपीटमध्ये कलमे बुडाशी काळी पडून कुजतात. आठ-दहा दिवसांत मुळे दिसू लागतात. त्यानंतर प्लॅस्टिक थोडे थोडे उघडून रोपांस बाहेरच्या हवेची सवय करावी. पंधरा ते वीस दिवसांत रोपे लागवडीस तयार होतात. या काळातही रात्रीचा दिवा चालू ठेवावा, नाही तर इवल्या रोपासही कळी धरते.

ज्यांच्याकडे शेडनेट नाही त्यांस हे काम घरातील एखाद्या खोलीतही करता येते. चार फूट लांब व दीड फूट रुंद अशा फळीवर २० वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी नळ्या कलमांपासून वीतभर उंचीवर बसवाव्यात व दिवसाचे सोळा तास चालू ठेवाव्यात. येथे ऊन नसल्याने दिव्याने इशारा व अन्न ही दोन्ही कामे करावयाची असतात, हा फरक लक्षात ठेवावा. यास दररोज सुमारे पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. ही सोय फक्त मुळे फुटेपर्यंतची आहे. पूर्ण पीक खोलीत घेणे परवडणारे नाही.

हिशेब आणि दक्षता

वर सांगितलेल्या २५० मातृझाडांपासून दर वेळी प्रत्येकी तीन धरल्यास दोन तोडण्यांत १,५०० कलमे मिळतात. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी १,२०० रोपे हाती येतात. ३० × ३० सेंटिमीटर अंतराने एक गुंठ्यास सुमारे १,१०० रोपे लागतात. या प्रमाणावरून आपल्या क्षेत्रास किती वाफे हवेत हे प्रत्येकाने काढावे. एप्रिल-मेमध्ये लागवड करावयाची असल्यास शेवटची तोडणी त्यापूर्वी तीन आठवडे व्हावयास हवी. लागवडीनंतर चार आठवड्यांनी शेंडा खुडण्यास विसरू नये.

मातृझाडे एका हंगामापलीकडे ठेवू नयेत; जुन्या झाडांत रोग साठत जातात. मावा व फुलकिडे यांवर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावे. हरितगृहातील काही जाती परवान्याने विकल्या जातात. अशा जातीची रोपे करण्यापूर्वी खरेदीचा करार वाचून पाहावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात एका शेतकऱ्याकडे एकच वाफा करवून त्याचे दोन भाग करावेत; एकावर दिवे लावावेत व दुसरा अंधारात ठेवून मधे काळ्या प्लॅस्टिकचा पडदा सोडावा. सहा-सात आठवड्यांत दोन्ही भागांतील शेंडे शेतकऱ्यांस शेजारी शेजारी दाखविता येतील. रोगाची शंका आल्यास नमुना घेऊन नारायणगाव येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. मातृझाडाची निवड तेवढी कोणावरही सोपवू नये. ज्याच्या शेतात ती रोपे लागावयाची आहेत, त्याने ती फुलांच्या हंगामात स्वतःच्या डोळ्यांनी करावी.