सिगारेट सोडविणारी पुस्तके : उपाय की नुसताच दिलासा?

प्रतिनिधी

धूम्रपान सोडण्याचा निश्चय करणारे अनेकजण डॉक्टरकडे जाण्याआधी पुस्तकाच्या दुकानात जातात. त्याचे कारण उघड आहे. पुस्तकासमोर कबुली द्यावी लागत नाही, घरच्यांना कळत नाही आणि खर्चही सिगारेटच्या एक-दोन पाकिटांपेक्षा फारसा जास्त येत नाही. प्रश्न इतकाच, की अशा वाचनाने सिगारेट खरोखरच सुटते का?

या प्रकारातील जगभर गाजलेले पुस्तक म्हणजे अ‍ॅलन कार यांचे ‘द ईझी वे टु स्टॉप स्मोकिंग’. पेशाने हिशेबनीस असलेल्या या ब्रिटिश गृहस्थांनी १९८३ साली सिगारेट सोडली आणि १९८५ साली हे पुस्तक प्रसिद्ध केले. २००६ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वाचकाला रोगांची भीती घालायची नाही, ही त्यांची पद्धत. उलट, पुस्तक वाचून होईपर्यंत सिगारेट ओढत राहा, असेच ते सांगतात. सिगारेटमुळे मिळणारे समाधान हे मुळात समाधानच नसून आधीच्या सिगारेटने निर्माण केलेल्या अस्वस्थतेवरचा तात्पुरता उतारा आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

शास्त्र काय सांगते?

या मुद्द्याला शरीरशास्त्राचा बराच आधार आहे. धुराबरोबर शिरलेले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की चिडचिड, बेचैनी सुरू होते. पुन्हा झुरका घेतला की ती शमते. ‘सिगारेटने ताण हलका होतो’ ही समजूत यातूनच दृढ होते. ही समजूत मोडण्याचे काम पुस्तक चांगल्या प्रकारे करू शकते, कारण ते काम विचारांचे आहे.

मात्र समजूत बदलली म्हणून मेंदूची सवय त्याच दिवशी बदलत नाही. सिगारेट थांबविल्यावर पहिले काही दिवस त्रास सर्वाधिक असतो. झोप उडते, भूक वाढते, कामात लक्ष लागत नाही. ही लक्षणे ओसरण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. पुस्तक एव्हाना कपाटात गेलेले असते आणि वाचकाची खरी कसोटी त्यानंतर सुरू होते.

शंभरात एकाची भर

छापील स्वयंमदत साहित्याच्या परिणामांचा सर्वांत व्यापक आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यात ७५ चाचण्यांचा विचार करण्यात आला होता. कोणतीही मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत असे साहित्य मिळालेल्यांमध्ये धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी अधिक आढळले. हा आकडा मोठा वाटला तरी त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कोणाच्याही मदतीविना शंभरातील पाचजण यशस्वी होत असतील, तर पुस्तिकेच्या मदतीने सहाजण होतील, एवढाच तो फरक आहे. प्रत्यक्ष समुपदेशन मिळत असताना सोबत पुस्तिका दिल्याने आणखी लाभ होतो, असे दिसून आले नाही.

अ‍ॅलन कार यांच्या पद्धतीचीही चाचणी झाली आहे. लंडनमध्ये ६२० जणांवर झालेल्या व २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर त्यांच्या पद्धतीने १९.४ टक्के, तर सरकारी आरोग्य सेवेच्या समुपदेशनाने १४.८ टक्के लोक धूम्रपानमुक्त राहिले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही, म्हणजेच दोन्ही मार्ग जवळपास सारखे ठरले. मात्र ही चाचणी प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेल्या प्रत्यक्ष सत्रांची होती, पुस्तकाची नव्हे. सत्रांचे यश पुस्तकाच्या नावावर जमा करणे योग्य होणार नाही.

आणखी एका बाबतीत सावध राहायला हवे. निकोटिनच्या च्युइंगगमसारख्या पर्यायांना कार यांचा विरोध होता. परंतु असे पर्याय वापरल्यास यशाची शक्यता निम्म्याहून अधिक वाढते, असे कॉक्रेनच्याच २०१८ च्या आढाव्यात आढळले. पुस्तकावरील श्रद्धेपोटी औषधोपचार नाकारणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

महाराष्ट्राचा प्रश्न निराळा

आपल्याकडे या पुस्तकांची मर्यादा आणखी ठळक होते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, मिश्री, खर्रा अशा धूरविरहित प्रकारांचे सेवन करणारे २४.४ टक्के होते. सिगारेट सोडविणारी परदेशी पुस्तके ज्या वाचकासाठी लिहिली गेली, तो कार्यालयीन मध्यंतरात सिगारेट पेटवणारा शहरी माणूस आहे. विडी ओढणारा शेतमजूर किंवा सकाळी मिश्री लावल्याशिवाय कामाला न लागणारी गृहिणी त्या पानांत कोठेच नाही. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी तर हा मार्ग मुळातच बंद आहे.

मग पुस्तक घ्यावे का?

अवश्य घ्यावे, पण एकमेव उपाय म्हणून नव्हे. वाचन संपण्याच्या सुमारास सोडण्याचा दिवस मुक्रर करावा. घरातील एकाला तरी विश्वासात घ्यावे. सकाळी उठल्याबरोबर सिगारेट लागत असेल, तर व्यसन तीव्र आहे असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू असून २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापला जातो. तेथे समुपदेशकाशी बोलता येते आणि तंबाखू खाणाऱ्यांनाही तितकीच मदत मिळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुस्तक वाचूनही सिगारेट सुटली नाही, तर आपल्यात इच्छाशक्तीच नाही असा निष्कर्ष काढू नये. वरील आकडे पाहिले तर तसे घडणाऱ्यांचीच संख्या फार मोठी आहे. अनेकांना कायमची सुटका होण्याआधी दोन-चार प्रयत्न करावे लागतात. पुस्तक वाचून केलेला प्रयत्न फसला, तर पुढचा प्रयत्न डॉक्टर अथवा समुपदेशकाच्या मदतीने करावा. या मदतीने यशाची शक्यता वाढते, हे चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे.