नवा अ‍ॅम्प, तरी बेस गायब?

गाडीत ५०० वॅटचा अ‍ॅम्प बसवला आणि बेस जुन्यापेक्षाही पिचका, असं झालं की मंडळी आधी गेन पिळतात. थांबा! आधी ओहम बघा. सबवूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर सिरीजमध्ये ८ ओहम होतात, पॅरललमध्ये २. जो अ‍ॅम्प २ ओहमला ५०० वॅट देतो, तो ८ ओहमला जेमतेम १२५ देणार. (व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, फर्स्ट इयरचंच गणित!) अर्थात अ‍ॅम्पला २ ओहम झेपतो का, ते मॅन्युअलमध्ये पाहूनच जोडा. एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागले तर दोघी एकमेकींना खोडतात, कोन हलतच नाही. राहिली ग्राउंडची वायर. ५० अँपिअर वाहताना ०.०५ ओहमचा गंजका जोड अडीच व्होल्ट खातो. म्हणून मल्टिमीटर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर लावा, तोही गाणं जोरात चालू असताना; बंद असताना १२ व्होल्ट दिसणारच.