सतराने गुणलेलं आयुष्य

३० वर्षांचा गवंडी धरा. महिन्याची कमाई १५,००० रुपये. घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. इंदापूरजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर तो ट्रकखाली गेला, तर नुकसानभरपाईचा हिशेब असा मांडतात. वर्षाचे १,८०,००० रुपये. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के भर, झाले २,५२,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले १,८९,०००. याला १७ ने गुणायचं: ३२,१३,०००.

हा १७ सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून येतो, आणि ४० टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून. तक्त्यात २६ ते ३० वयाला १७ आणि ३१ ते ३५ ला १६ आहेत. गवंडी एका वर्षाने मोठा असता, तर घराला १,८९,००० कमी मिळाले असते.

वयाचं कुणाच्या हातात नाही, कागदाचं आहे. ठेकेदार रोख द्यायचा, कमाईचा पुरावा नाही, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने महिना १०,०००च धरले तर? उत्तर २१,४२,०००. एका न सापडलेल्या कागदापायी १०,७१,००० रुपये गेले. "विमा कंपनी देईलच की, वकील कशाला?" असं विचारणाऱ्याला मी हाच आकडा सांगतो. बारामतीच्या कोर्टात क्लेम चालवणाऱ्या चांगल्या वकिलाचं निम्मं काम कोर्टाबाहेरचं असतं: ठेकेदाराला साक्षीला तयार करायचं, पतसंस्थेचं पासबुक शोधायचं, किराणावाल्याची उधारीची वही मागायची.

ऊसतोडीत तर कागदाचा पत्ताच नसतो. गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर रात्री डबल ट्रॉल्यांची रांग लागते. मागे रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या वाढ्याआड झाकलेला. त्या उसावर राबलेला 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पण मुकादमाच्या वहीत उचल बहुधा एकाच नावावर, नवऱ्याच्या. पहाटे भाकऱ्या थापून, दिवसभर मोळ्या बांधून, त्या डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत वाहणारी बाई अपघातात गेली, तर तिच्या कमाईचा पुरावा शून्य. घरकामालाही पैशात मोल धरलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सांगितलं. पण ते न्यायाधिकरणापुढे कुणीतरी मांडावं लागतं.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, दर तासाला १९. महाराष्ट्रात १५,२२४, म्हणजे रोज जवळपास ४२. २०२२-२३ अखेर देशात मोटार अपघातांचे १०,४६,१६३ दावे तुंबले होते, रक्कम ८०,४५५ कोटी. आणि मला सर्वांत जास्त लागलेला आकडा याच्या पुढचा आहे: एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं की महाराष्ट्रात निकाल लागून जमा झालेले सुमारे ४५९ कोटी रुपये कुणी न्यायलाच आलेलं नाही. उसाच्या फडाशेजारी खोपीत राहिलेल्या कुटुंबाला नोटीस कोणत्या पत्त्यावर पोचणार?

हे सगळं रस्त्याचं. इंदापूरला पाणीही आहे. उजनी धरणाचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. मे २०२४ मध्ये धरण 'मायनस'मध्ये होतं. म्हणजे कालव्याला पाणी नव्हतं, बुडायला होतं. २१ मेच्या संध्याकाळी धरणाच्या पाण्यातून कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सातपैकी एकजण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन चिमुकली.

ट्रकमागे कायद्याने सक्तीचा विमा असतो, दाव्यासाठी वेगळं न्यायाधिकरण असतं. गावच्या होडीमागे बहुधा होडीवाल्याची ऐपत तेवढी. वारसांनी दिवाणी कोर्टात जायचं, निष्काळजीपणा सिद्ध करायचा, आणि आधार घ्यायचा तो १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याचा. त्या दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. कळाशीच्या पाण्यात गेलेल्यांसाठी ती २१ मे २०२६ पर्यंतची.