होडीच्या आतला रंग का सुटतो?

छत्रपती संभाजीनगरहून समुद्र दूर आहे. पण पैठणचा नाथसागर जवळच आहे. समजा, कोकणात पंचवीस-तीस वर्षे समुद्रात वापरलेली फायबरग्लासची शिडाची होडी कोणी विकत घेऊन नाथसागरात उतरवली. वर्षभराने आतल्या रंगाचे पोपडे सुटू लागले. खरवडून नवा रंग द्यावा का? थांबावे. पोपडा हे लक्षण आहे. रोग रंगाचा असेल किंवा होडीच्या कवचाचाही असेल. निदान चुकले, तर नवा रंगही गळून पडतो किंवा कमकुवत कवचावर भरवसा ठेवून माणसे पाण्यात जातात.

फायबरग्लास म्हणजे काचतंतूंचे थर आणि त्यांना बांधून ठेवणारे रेझीन. जुन्या होड्यांत हे रेझीन बहुधा पॉलिएस्टर जातीचे असते. बाहेरून त्यावर जेलकोट नावाचा गुळगुळीत, पातळ थर असतो. आतल्या बाजूला तो सहसा नसतो. हवेचा संपर्क असला की या रेझीनचा पृष्ठभाग चिकट राहतो. म्हणून शेवटच्या थरात थोडे मेण मिसळतात. ते वर तरंगून हवा अडवते. मात्र हे मेण न काढता रंग दिला, तर तो धरत नाही. तळाशी सांडलेले इंजिनाचे तेलही हेच करते.

दुसरे कारण परासरणाचे. पाण्याचे रेणू जेलकोट आणि रेझीनमधून अतिशय हळू आत झिरपतात. आत काही विद्राव्य पदार्थ उरलेले असतात. ते विरघळून दाट द्रावण होते, ते आणखी पाणी ओढते आणि फोड येतो. येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. समुद्राचे पाणी स्वतःच खारट असल्याने दोन्ही बाजूंच्या द्रावणांतील फरक कमी असतो. गोड्या पाण्यात तो वाढतो. म्हणून समुद्रात धड राहिलेली होडी नाथसागरात फोड धरू शकते. होडीच्या तळाशी साचलेले पावसाचे पाणीही गोडेच, आणि तेथे जेलकोटचे संरक्षण नाही!

आता तपासणी. सर्वांत आधी पोपड्याची पाठ पाहावी. ती स्वच्छ व चकचकीत असेल आणि खालचे रेझीन टणक असेल, तर रंग नुसता चिकटलेला नव्हता. पाठीला काचतंतू किंवा पांढरे पडलेले रेझीन आले, तर कवचात दोष आहे.

फोड असल्यास डोळ्यांवर चष्मा लावून एखादा टोचावा. आतला द्रव दाबाखाली असतो, तो उडतो. पॉलिएस्टरचे जलअपघटन होऊन आम्ल तयार होते. त्यामुळे अशा द्रवाला अनेकदा व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि निळा लिटमस लाल होतो. केवळ हवेतील बाष्प थंड होऊन जमलेल्या थेंबाला तसा वास नसतो.

ओल नेमकी कोठून येते हे पाहण्यासाठी, कोरड्या केलेल्या जागी वीतभर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने पक्के लावावे. दोन दिवसांनी थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला दिसले, तर ते हवेतील बाष्प. खालच्या बाजूला दिसले, तर ओल कवचातून येते आहे.

शेवटी नाण्याने टिचक्या माराव्यात. माठ घेताना आपण तेच करतो. टणक आवाज ठीक. बद्द आवाज आला, तर थर सुटलेले असू शकतात. आतल्या आडव्या भिंतींजवळ आवाज बदलतोच, म्हणून डाव्या-उजव्या बाजूंच्या समान जागांची तुलना करावी. काही होड्यांत काचतंतूंच्या थरांमध्ये लाकडाचा गाभा असतो. २००९ मध्ये नौदलात दाखल झालेली, गोव्यात बांधलेली 'म्हादेई' अशीच आहे. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा होडीत बद्द आवाज म्हणजे भिजलेले लाकूडही असू शकते.

दोष केवळ रंगाचा असेल, तर आधी द्रावकाने मेण व तेल पुसावे, मग घासावे. उलट क्रमाने केल्यास मेण ओरखड्यांत बसते. नंतर इपॉक्सीचा अस्तर-रंग द्यावा. फोड परासरणाचे असतील, तर ते उघडून गोड्या पाण्याने वारंवार धुवावे लागतात आणि कवच कित्येक आठवडे, कधी काही महिने वाळवावे लागते. थर सुटले असतील, तर जाणकाराला दाखवल्याखेरीज होडी पाण्यात नेऊ नये. घासताना मुखपट्टी हवीच. काचतंतूंची धूळ घातक आणि जुन्या रंगात शिसेही असू शकते.

वर्गात हे सहज दाखवता येते. मनुके साध्या आणि मिठाच्या दाट पाण्यात ठेवावेत; कोणते अधिक फुगतात ते पाहावे. मेणबत्ती घासलेल्या कागदावर जलरंग लावून पाहावा. मग मुलांना विचारावे : घराच्या भिंतीचा पोपडा सुटला, तर त्याची पाठ आपण कधी पाहिली का?